सतराव्या नियमातली दुरुस्ती

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या कारखान्याच्या संचालिका मॅडम. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले कामगार संघटनेचे सचिव. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती मास्तर. पहिल्या रांगेत बसलेली मास्तरांच्या घरची मंडळी, आणि त्यात विशेष करून वहिनी. यंत्रशाळेतले, जोडणी विभागातले, कार्यालयातले माझे सहकारी. आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले दुसऱ्या पाळीचे मित्रहो. सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या हातात संयोजकांनी एक चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर लिहिलंय, 'सात मिनिटं', आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत. संयोजक मला ओळखतात. सात मिनिटांत मी फक्त प्रस्तावना करतो हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच चहा आत्ताच आणून मागच्या टेबलावर ठेवलाय, म्हणजे त्याच्याकडे बघून तरी मी आवरतं घेईन. बघू या. चहा थोडा निवला तर आजच्या दिवस मला सांभाळून घ्या.

नव्या मंडळींसाठी माझी ओळख करून देतो. मी या कारखान्याचा पेटंट विभाग. विभाग म्हणजे मी, एक कपाट आणि खिडकीजवळचं एक टेबल. नवीन काही शोध लागला की तो सरकारी भाषेत लिहून काढायचा, अर्ज करायचा, आणि मग तिकडून येणाऱ्या हरकतींना उत्तरं देत बसायचं, हे माझं काम. यंत्रशाळेत मला तोंडावर 'साहेब' म्हणतात आणि पाठीमागे 'कागदवाला'. मला दोन्ही माहीत आहे. दुसरं जास्त खरं आहे.

मास्तरांबद्दल आज बरेच जण बोलले. त्यांचा वक्तशीरपणा झाला, निष्ठा झाली, साधी राहणी झाली. सचिवांनी सांगितलं की चौतीस वर्षांत मास्तरांनी एकदाही आवाज चढवला नाही. मानपत्र वाचून झालं. फार सुंदर अक्षर आहे. त्यात 'विश्वासू' हा शब्द तीन वेळा आला, मी मोजला. पण मास्तर नेमकं करत काय होते, हे कुणी सांगितलं नाही. का सांगितलं नसेल? मला वाटतं, ते सांगायला लागलं की पेटंटच्या अपिलाचा विषय निघतो, आणि समारंभात तो विषय नको असं सगळ्यांनी आपापल्या मनात ठरवलेलं आहे. मलाही आज सकाळी फाटकापाशी एका माणसाने बाजूला घेऊन सांगितलं, "गोड बोला, थोडं बोला, जुनं उकरू नका." तो माणूस कोण होता ते मी नंतर सांगतो.

पंधरा वर्षांपूर्वी मॅडमचे वडील, म्हणजे आपले मोठे साहेब, एक दिवस मला घेऊन यंत्रशाळेत आले. मास्तर तेव्हा पाच नंबरच्या लेथवर होते. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो. मास्तर आमच्याशी बोलत होते, पाठ लेथकडे होती, आणि बोलता बोलता त्यांनी मागे न बघता हात नेला आणि एक नॉब जरासा फिरवला. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मास्तर म्हणाले, "काही नाही, तक्रार करत होता." लेथ तक्रार करत होता.

बाहेर आल्यावर मोठे साहेब मला म्हणाले, "हा माणूस एक दिवस निवृत्त होऊन घरी जाणार. त्याचं डोकं इथे ठेवून घ्यायची काही सोय होईल का?" आता हे वाक्य असं एकटं ऐकलं तर भलतंच वाटतं. पण त्यांना म्हणायचं होतं ते असं, की मास्तर जे ऐकून, बघून करतात त्याचे नियम लिहून काढायचे, ते नियम यंत्राच्या कंट्रोलरमध्ये घालायचे, आणि यंत्राने स्वतःच आवाज, थरथर, उष्णता पाहून स्वतःला सावरायचं. असं झालं आणि तसं झालं, तर हे कर. असा एकेक नियम. कल्पना फार चांगली होती. आजही चांगलीच आहे.

मग सात महिने मी मास्तरांच्या लेथशेजारी एका लाकडी खोक्यावर बसलो. कानाला बोळे, पायात पुढे लोखंड असलेले बूट, मांडीवर कार्डांचा गठ्ठा आणि खिशात एक छोटा टेपरेकॉर्डर. मास्तर काम करायचे आणि मी विचारायचो, आत्ता काय केलंत? का केलंत? सुरुवातीला ते वैतागले. म्हणाले, "तुम्ही घास गिळता तेव्हा कसा गिळता ते सांगा बघू." मी म्हटलं, मला नाही सांगता येत. ते म्हणाले, "मग?" पण नंतर त्यांनाच त्यात गोडी लागली. एखाद्या दिवशी मी खोक्यावर बसायच्या आत म्हणायचे, "काल रात्री झोपताना एक आठवला, लिहून घ्या." असे एकेचाळीस नियम झाले. एका कार्डावर एक. मी खरं सांगतो, माझ्या नोकरीतले ते सात महिने सगळ्यात सुखाचे होते.

मंडळी, आता दोन मिनिटं मला थोडं कामाचं बोलू द्या, नाहीतर घरच्या मंडळींना पुढचं कळायचं नाही. लेथवर जॉब फिरतो, म्हणजे ज्या धातूला आकार द्यायचा तो तुकडा गोल फिरतो, आणि टूल त्याला कापत पुढे सरकतं. टूल पुढे सरकण्याच्या वेगाला आम्ही फीड म्हणतो. कापताना कर्कश आवाज यायला लागला तर काय करायचं? कुठल्याही पुस्तकात लिहिलंय, फीड कमी करा. हळू घ्या. मलाही तेच वाटेल, तुम्हालाही तेच वाटेल. घाई झाली की माणूस अडखळतो, मग हळू घ्यावं. बरोबर?

मास्तरांचा सतरावा नियम असा होता. जॉब पातळ भिंतीचा आहे, धातू चिवट आहे, टूल किंचित बोथट झालंय, आणि आवाज कर्कश आहे पण कोरडा, खडू फळ्यावर ओढल्यासारखा. हे चारही एकत्र असतील तर फीड वाढवायचा. कमी नाही. वाढवायचा. मास्तरांनी कारणही सांगितलं होतं. बोथट टूल हळू नेलं की ते कापत नाही, नुसतं घासतं. घासलं की चिवट धातूची वरची कातडी आणखी कडक होते. ती कडक झाली की टूल आणखी ओरडतं. म्हणून त्याला घासायला सवडच द्यायची नाही, चावायला लावायचं.

हे सगळं मी कार्डावर लिहून घेतलं. आणि त्याच संध्याकाळी वर कार्यालयात बसून कार्डं पक्की करताना मी सतरावं कार्ड हातात घेतलं. सोळाव्यावर होतं, फीड कमी. अठराव्यावर होतं, फीड कमी. मधे हे एकटंच, फीड वाढवा. कारण मी कार्डावर लिहिलं नव्हतं, कारणं माझ्या दृष्टीने गप्पा होत्या. मला वाटलं, मास्तर बोलण्याच्या ओघात चुकले, किंवा मीच चुकीचं ऐकलं. यंत्रांच्या घरघरीत काय ऐकू येणार?

विचारायला खाली जाता आलं असतं. मास्तर अजून यंत्रशाळेतच होते, काचेतून मला त्यांची टोपी दिसत होती. पण लोखंडी बूट घातल्याशिवाय यंत्रशाळेत पाऊल टाकायचं नाही, हा आपला नियम. आणि मी बूट काढून चपला घातल्या होत्या. ते बूट फार जड असतात हो. पुन्हा नाड्या बांधायचा मला कंटाळा आला. मी 'वाढवा' खोडलं आणि 'कमी करा' लिहिलं. अक्षरही छान काढलं.

मगाशी पंख्याचा आवाज ऐकू येत नव्हता, आता येतोय. मास्तर, तुम्ही मला खूण करताय, बसा म्हणून. मला दिसतंय. पण मी बसणार नाही. सकाळी फाटकापाशी मला बाजूला घेणारा माणूस हाच, हे एव्हाना सगळ्यांनी ओळखलं असेल. मी त्यांना तेव्हा 'हो' म्हणालो होतो. मास्तरांना मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींना हो म्हणालो आणि भलतंच केलं, त्यात ही आणखी एक.

अर्ज दाखल झाला. शोध लावणारे म्हणून त्यावर दोन नावं होती, आधी मास्तरांचं, मग माझं. प्रत्येक पानावर मास्तरांची सही होती. मी म्हटलं होतं, एकदा वाचून घ्या. त्यांनी पहिलं पान हातात धरून पाहिलं. 'सदर नियंत्रण पद्धतीमध्ये उपरोक्त स्थितींपैकी' वगैरे. मला म्हणाले, "हे मीच बोललो का?" मी म्हटलं, तुम्हीच, फक्त कपडे बदललेत. ते हसले आणि सह्या करत सुटले. त्या दिवशी त्यांनी घरी जाताना काहीतरी गोड नेलं होतं, वहिनींना आठवत असेल. पेटंटवर नाव येणार म्हणून. मास्तरांचे वडील लोहार होते. त्यांच्या घरात कुणाचं नाव कशावर छापून आलं नव्हतं.

मग पाच वर्षं परीक्षकांशी पत्रव्यवहार. त्यांच्या हरकती दोन होत्या. पहिली अशी की हे नियम म्हणजे माणसाच्या डोक्यातला विचार आहे, यंत्र नव्हे, आणि विचारावर पेटंट मिळत नाही. दुसरी अशी की यातलं सगळं कुणाही कुशल कारागिराला सहज सुचेल, पुस्तकातही लिहिलेलं आहे. त्यांचं पत्र आलं की मी उत्तर द्यायचो, माझं उत्तर गेलं की त्यांचं पत्र यायचं. जुन्या संसारासारखं चाललं होतं, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं आणि कुणी उठूनही जात नव्हतं. शेवटी त्यांनी अर्ज फेटाळला. आम्ही अपील केलं. त्यात आणखी तीन वर्षं गेली. तोवर माझे केस गेले. मोठे साहेबही गेले.

पहिली हरकत आमच्या वकीलबाईंनी मोडून काढली. नियम डोक्यात नाहीत, ते यंत्राचा हात धरतात, असं त्यांनी पटवून दिलं. राहिली दुसरी. एकेक नियम पुस्तकात सापडत गेला, आणि वकीलबाई म्हणाल्या, आता सगळी भिस्त सतराव्यावर. त्यात चार अटी एकत्र आहेत, तशा कुठेच नाहीत. सुनावणीला मास्तरांना उभं करू, त्यांनी सांगावं की हे फक्त त्यांना सुचलं.

सुनावणीला दोन महिने होते. तयारी म्हणून मी जुन्या टेप काढल्या. सतराव्या नियमाच्या टेपवर आधी लेथचा आवाज आहे. मग मास्तर अगदी स्पष्ट म्हणतात, "वाढवायचा. कमी केलात तर जॉब गेलाच समजा." मग कारण. कडक कातडी, घासणं, चावणं, सगळं. आणि त्यानंतर माझा स्वतःचा आवाज आहे. मी म्हणतोय, "बरं. पुढे?"

ती टेप मी किती वेळा ऐकली असेल, सांगता येत नाही. परीक्षकांनी जे पुस्तक आमच्या विरोधात लावलं होतं, ते पुस्तक म्हणत होतं, फीड कमी करा. म्हणजे मास्तर जे बोलले तेच मी लिहिलं असतं, तर ते पुस्तक आमच्या बाजूने बोललं असतं. सगळं जग म्हणतं कमी करा, आणि हा एक माणूस म्हणतो वाढवा, आणि जॉब वाचतो. याहून वेगळा शोध काय असतो? आणि एकदा दाखल केलेल्या अर्जात नवीन काही घालता येत नाही, हा कायदा. तो मला पाठ आहे. मी दुसऱ्यांना शिकवतो तो.

तेव्हा तरी मी वकीलबाईंना सांगायचं की नाही? मास्तरांना सांगायचं की नाही? मी नाही सांगितलं. मला वाटलं, कदाचित निभावून जाईल. अपील तर गेलंच असतं, सांगितलं असतं तरी. पण ते माझ्यामुळे गेलं असतं, आणि मास्तर त्या खोलीत उभे राहिले नसते. एवढाच फरक पडला असता. तो फरक मी गिळून बसलो.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पलीकडे तीन सदस्य, पाण्याचा जग, भिंतीवर थांबलेलं घड्याळ. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मधल्या सदस्यांनी सतरावा नियम मोठ्याने वाचला आणि विचारलं, "एखादा साधारण कुशल कारागीरही हेच करेल का?" मास्तर म्हणाले, "पुन्हा वाचता का?" त्यांनी पुन्हा वाचला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माप दुसऱ्यांदा घेऊन बघावं, तसं. मग ते सदस्यांना म्हणाले, "हो. हे तर कुणीही करेल."

वकीलबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सावरायला म्हणून घाईने विचारलं, "पण तुम्ही स्वतः? तुम्ही हेच करता ना?" मंडळी, हा प्रश्न त्या खोलीतला सगळ्यात वाईट प्रश्न होता, आणि हे फक्त आम्हा दोघांना कळत होतं. मास्तरांनी 'मी उलटं करतो' एवढं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, मग हे लिहिलं कुणी? मास्तरांनी पुढ्यातला पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "माझं सोडा हो. मी जुन्या वळणाचा माणूस." अकराव्या मिनिटाला सुनावणी संपली. अपील फेटाळलं गेलं.

खाली चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच होतो. मास्तर म्हणाले, "सतराव्याला उलटं लिहिलंय तुम्ही." मी म्हटलं, हो. "मुद्दाम?" मी म्हटलं, नाही, मला वाटलं तुम्ही चुकून बोललात. त्यांनी चहा संपवला, कप पालथा घालून ठेवला. म्हणाले, "विचारायचं होतं." बस. त्यानंतर सहा वर्षांत या विषयावर त्यांनी माझ्याकडे चकार शब्द काढला नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मास्तरांच्या एका वाक्याने पेटंट घालवलं, अशी बातमी आमच्या आधी कारखान्यात पोचली होती. ती कुणी पोचवली मला माहीत नाही, पण खोडून कुणी काढली नाही, आणि ते काम माझं होतं. त्यांच्याकडचं नव्या कामगारांना शिकवण्याचं काम काढून घेतलं आणि त्यांना हत्यारखान्याच्या खिडकीत बसवलं. टूल द्यायचं, टूल घ्यायचं, वहीत सही. यंत्रशाळेत त्यांना 'कुणीही मास्तर' म्हणायला लागले. कुणी काही चांगलं केलं की मागून आवाज यायचा, "हे तर कुणीही करेल." आत्ता मागे काही जण खाली बघताहेत. बघू नका. मीही हसलो होतो एकदा. सगळे हसत होते, मी एकटा गंभीर राहिलो असतो तर कुणाला शंका आली असती. इतका मी भेकड आहे.

आणि कंट्रोलर? तो आपण बसवलाच, पेटंट असो नसो. माझा सतरावा नियम घेऊन बसवला. पातळ जॉब लागला की तो यंत्र हळू करतो आणि जॉब वाया जातो. मग यंत्रशाळेत एक सवय पडली. यंत्र तसं ओरडायला लागलं की कामगार उठतो आणि हाताने फीडचा नॉब पुढे करतो. नवीन आलेलाही करतो. त्याला कुणी शिकवलं, विचारलं तर सांगत नाही. मॅडम, आपल्याला वाटायचं की ही बेशिस्त आहे. मीच ते परिपत्रक काढलं होतं, 'कोणीही नॉबला हात लावू नये'. आज कळू द्या सगळ्यांना, ते हत्यारखान्याच्या खिडकीतून शिकवलं जात होतं. टूल हातात देताना मास्तर सांगायचे, "कोरडं ओरडलं तर पुढे." एकेका वाक्यात, एकेका माणसाला, सहा वर्षं. मी कागदावर बिघडवलं ते हा माणूस एकेका हातात दुरुस्त करत बसला होता. ते परिपत्रक मी काल मागे घेतलंय. आणि कंट्रोलरमध्ये तो नियम बदलावा, त्याखाली मास्तरांचं नाव लिहावं, असं पत्र आज सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवलंय. मॅडमनी ते अजून पाहिलं नसेल. चेहऱ्यावरून वाटतंय, नाही पाहिलं.

तुम्ही म्हणाल, सहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आजच कंठ कसा फुटला? खरं सांगू? मी थकलो. चांगुलपणा वगैरे काही नाही यात. आठ महिन्यांनी माझाही असाच समारंभ होईल, मलाही मानपत्र मिळेल, आणि त्यातही 'विश्वासू' असेल. ते ऐकत खुर्चीत बसायची ताकद माझ्यात नाही.

आणि दुसरं कारण. तीन आठवड्यांपूर्वी मी माझ्या मुलीचा ब्लाउज शिवायला टाकायला गेलो होतो. वहिनींच्या दुकानात. माप लिहून घेतलं आणि वहिनी म्हणाल्या, "साहेब, एक बोलायचं राहिलंय. तुम्ही यांच्यासाठी सात महिने खोक्यावर बसलात, एवढी वर्षं कोर्टकचेरी केलीत, आणि यांनी एका वाक्यात मातीत घातलं. मी घरी सहा वर्षं बोलतेय त्यांना, तुमच्या जिभेला हाड नाही म्हणून. ते काही उत्तरच देत नाहीत. मला तुमच्यासमोर यायची लाज वाटते. त्यांच्या वतीने माफ करा." आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या वहिनी." आणि पावती घेऊन बाहेर आलो.

त्या दिवशी मला कळलं की मास्तरांनी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. कारखान्यात बोलणी खाल्ली, घरी येऊन पुन्हा तीच बोलणी खाल्ली, जेवताना, झोपताना, आणि माझं नाव तोंडातून काढलं नाही. मी त्यांचा कोण लागतो? सख्खा भाऊ असता तरी एवढं केलं नसतं.

तेव्हा वहिनी, हे सगळं मी सभागृहाला सांगतोय असं दिसत असलं तरी तुम्हालाच सांगतोय. त्या खोलीत ते जे बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं. वाचून दाखवलं ते कुणीही केलं असतं, कारण ते माझं होतं. जे कुणालाच सुचलं नसतं ते यांचं होतं, आणि ते मी खोडलं. यांच्या जिभेने काही घालवलेलं नाही. उलट त्या जिभेने मला वाचवलं.

मास्तर, आता तुम्ही खूण करायची थांबलात. बरं झालं.

चहा पार थंड झाला असेल. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही याबद्दल त्यांचे आभार. संयोजकांनी सातऐवजी सतरा मिनिटं सोसली, त्यांचेही आभार. पाय दुखत असताना उभे राहून ऐकलंत, मागच्या मित्रांनो, तुमचे तर विशेष. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, समारंभाला न शोभणारं काही निघून गेलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं.

वहिनींची आणि मास्तरांची क्षमा मात्र मी या माईकवरून मागणार नाही. ती सगळ्यांना ऐकवून मागितली तर त्यांना सगळ्यांसमोर 'असू द्या' म्हणावं लागेल, आणि ते म्हणायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं. हा माईक कुणीतरी बंद करा. मी तिकडे येतोय.